खिळ्यांची वही

सावलीच्या पुढे, महीच्या काठाला,
जिथे शेत संपत नाही, तुटतं,
तिथे वैशाखात आम्ही चाळीस खिळे ठोकले.
लोखंडी, फूटभर लांब, प्रत्येकाच्या गळ्यात वायसर,
डोकं मातीशी अगदी सपाट.
रांगा चार. उतार शेकडा सहा.
पीक वरच्या अंगाला तंबाखू, खाली एरंडी.
खातेदार: पढियार रईबेन शनाभाई.

वहीत एवढं आहे.
वहीत हे नाही, की पहिला खिळा आत जाताना
तिने विचारलं, या खुंट्याला काय बांधणार?
मी म्हणाले, शेत.
थट्टा होती ती. तिने तशी घेतली नाही.

मग नीट सांगितलं:
खिळा जेवढा वर दिसेल, तेवढी जमीन खाली गेली.
एक मिलीमीटर म्हणजे हेक्टरी तेरा-चौदा टन,
ट्रॅक्टरच्या चार ट्रॉल्या, आणि त्याही
कुणाला न विचारता, रातोरात.
ती कोतराकडे बघत होती.
कोतरात शेजाऱ्यांची विहीर उभी आहे.
उभी म्हणजे उभीच: भोवतीची माती वाहून गेली,
विटांचं गोल कडं धुराड्यासारखं वर राहिलं,
आता तिच्या काठाशी पोचायला शिडी लागेल.
रईबेन त्या विहिरीचं पाणी प्यायली आहे.

इथे याला धोवाण म्हणतात, धुण्यासारखं.
आमच्या घरी, दांडिया बाजारात, मी धूप म्हटलं
की आई देव्हाऱ्याकडे बघते.

आश्विनात पट्टी घेऊन परत आले.
पहिली रांग: चार, तीन, पाच, चार.
दुसरी: सात, सहा, नऊ.
चौथी, कोतराच्या तोंडाशी: एकोणीस, चोवीस,
आणि दोन खिळे सापडलेच नाहीत, जमिनीसकट गेले.
तिसरी: शून्य. शून्य. शून्य.
दहाच्या दहा शून्य.
पट्टी पुसून पुन्हा लावली.
मग वाकून पाहिलं तर डोकी चकचकीत,
ठेचलेली, कडा पसरलेल्या.

"वर येत होते," रईबेन म्हणाली,
"दर पावसानंतर बसवले परत. वरवंट्याने.
सगळे नाही जमले. गुडघे. ही एकच रांग."

हंगामभराचं मोजमाप गेलं.
मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.
तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, चल.
आणि चपला हातात घेऊन पुढे निघाली,
पाणी कसं जातं ते पायांनी सांगत:
इथे मेरेवरून उडी मारतं,
इथे गाडीच्या चाकोरीत शिरतं,
इथे दोन धारा भेटतात, मग कुणाचं ऐकत नाहीत.
चौदा-पंधरा पावसांत ती इथवर आली होती,
वरवंटा पदरात धरून.
माझ्या नकाशावर चाकोरी नव्हती.

माघात तीन बांबूंची चौकट केली,
मधे ओळंब्याला दगड,
आणि तिच्या खुणांवरून समपातळीची रेघ ओढली.
तिथे बांध पडला, गुडघ्याएवढा. चाकोरी पोत्यांनी अडवली.
आषाढात बांधावर वाळ्याचे ठोंब, वीत-वीत अंतराने;
अर्धे शेळ्यांनी खाल्ले. पुन्हा लावले.
कोतर भरणार नाही. ते तिला सांगितलं आहे.
इथून पुढे त्याने हळू यावं, एवढंच.

अहवाल वाचून साहेबांनी विचारलं, तिसरी रांग अग्राह्य का?
'कारण' या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
'देखभाल' असं लिहिलं.

यंदा नवे खिळे. एक्केचाळीस.
चाळीस वहीतले.
एक पायरीजवळ, रईबेनचा,
ठोकायला.